वैशाखातला पिवळा स्वेटर

पिवळ्या कपड्यातली लहान पोर दिसली की ती केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळ भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मोर्चे, जमावबंदी, धरपकड. सकाळी आलेला जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच परत जायचा. आमच्या पोलीस लाइनीवर दगड यायचे, म्हणून बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला मी कोकणात सासुरवाडीला धाडलं होतं. खोलीच्या दाराआड पोरीच्या चिमुकल्या चपला राहिल्या होत्या. त्या उचलून ठेवायला माझा हात होत नव्हता.

एक दिवस आमचा खबऱ्या, नाक्यावरचा पानवाला, ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, ती बालवाडीची बाई दर रविवारी पोरं घेऊन टेकडीवर जाते. झाडं-पाखरं दाखवते म्हणे. पण टेकडीखाली काय आहे, ठाऊक आहे ना?"

न ठाऊक असायला काय झालं? तिथे सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग उभा केला होता.

"वर गेली की पोरं ओळीनं उभी राहून हात हलवतात. एक लाल, एक हिरवं, एक पिवळं. खुणाच आहेत साहेब, लिहून घ्या!"

वरिष्ठांचा हुकूम झाला. संशय खरा निघाला तर बाईंना अटक आणि टेकडीची पायवाट बंद.

रविवारी मी साध्या वेशात मागे लागलो. सात-आठ पोरं, पुढे चाळिशीच्या बाई. करवंदीच्या जाळीपाशी थांबून त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक करवंद ठेवलं. वाळवीचं वारूळ दाखवलं. वर तारेवर एक काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी बसला होता. माझ्याकडे बघत बाई पोरांना म्हणाल्या, "हा कोतवाल. सगळ्यांवर नजर ठेवतो. पण ह्याच्या शेजारी छोटी पाखरं घरटी बांधतात, कारण तो कावळ्यांना हाकलून लावतो."

म्हणजे बाईंनी मला केव्हाच ओळखलं होतं. पोलिसाची चाल साध्या वेशातही लपत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

माथ्यावर पोरं ओळीनं उभी राहिली. एक चिमुरडी फुललेल्या बहाव्याखाली उभी होती. तिच्या अंगात लोकरीचा पिवळा स्वेटर! वैशाखाचं ऊन, पोरगी घामानं निथळत होती. बाईंनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "इकडे ये गं. तिथे पिवळ्यात पिवळं दिसत नाही."

आता माझी खात्री पटली. उतरताना मी त्या मुलीला लिमलेटची गोळी दिली आणि विचारलं, "तुझे बाबा कुठे असतात?"

"गावी गेलेत. घर शाकारायला."

"माझे पण गावी," हिरव्या सदऱ्यातला म्हणाला. "माझे पण," तिसरी म्हणाली. सगळ्यांचे बाप एकदम गावी कसे? पोरं खोटं बोलत नव्हती. त्यांना खोटं सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना जबाबासाठी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, खरं सांगा. खुणा कुणाला?"

त्या अजिबात डगमगल्या नाहीत. "त्यांच्या बापांना. तुरुंगाच्या आवारातून टेकडी दिसते, साहेब. पण इतक्या लांबून पोराचा चेहरा दिसत नाही हो. रंग दिसतो. बायका भेटीला गेल्या तेव्हा सांगून आल्या, आपली पिवळी, तुमचा हिरवा. त्या पोरीकडे पिवळं म्हणून तेवढा स्वेटरच आहे."

"मग मुलांना का सांगत नाही?"

"काय सांगू? पोलिसांनी धरून नेलं? उद्या तुमचा डगला बघून किंचाळत सुटतील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला खुशाल आत टाका. फक्त येत्या रविवारी मुलांना वर कोण नेणार, तेवढं सांगा."

मी त्यांना घरी जाऊ दिलं. जबाबाची शहानिशा करावी लागते, म्हणून पुढच्या रविवारी मी तुरुंगाच्या आवारात जाऊन उभा राहिलो. कैदी टेकडीकडे तोंड करून थांबले होते. गिरणीत काम केलेला एक धिप्पाड मालवणी गडी एकाएकी ओरडला, "इली! माझा चेडू इला! वाढला रे!"

"अरे मेल्या, हयसून तुका काय दिसता?" शेजारचा हसला.

"माका दिसता," तो म्हणाला, आणि दोन्ही हात वर करून तसाच उभा राहिला. वर त्याच्या लेकीचा पिवळा ठिपका हलत होता. बाप आपल्याकडे बघतोय हे त्या ठिपक्याला ठाऊकही नव्हतं. अट्टल दरोडेखोरांपुढे मी कधी मान वळवली नाही, तिथे वळवली. दाराआडच्या त्या चिमुकल्या चपला मला आठवल्या.

अहवालात मी लिहिलं, मुलं झाडं-पाखरं बघायला जातात, आक्षेपार्ह काही नाही. वरिष्ठांनी वाचून चष्म्यावरून पाहिलं. पानवाला त्यांनाही भेटून गेला होता. "आणि तो स्वेटर?"

"पोरीला थंडी फार वाजते, साहेब."

"वैशाखात?"

"हो, साहेब."

त्यांनी सही केली. त्यांचीही लेकरं गावाला होती, हे मला मागाहून कळलं. टेकडीची वाट चालू राहिली, सगळे बाप सुटून येईपर्यंत.

खूण करणारा प्रत्येक माणूस काही लपवत असतो, असं आम्हाला शिकवलेलं. कधी कधी तो फक्त दिसायला धडपडत असतो, हे मला त्या केसनं शिकवलं.

त्याच आठवड्यात मी बायकोला कार्ड टाकलं. दगड पडोत की धोंडे, तुम्ही या. भाऊच्या धक्क्यावर बोट लागली, माणसांची ही झुंबड, आणि त्या गर्दीत मला आधी माझ्या पोरीचा पिवळा फ्रॉक दिसला. चेहरा नंतर.

आता माझी ती लेक आजी झाली आहे, सातासमुद्रापलीकडे राहते. दोन-तीन वर्षांतून एकदा येते. माझी नजर अधू झाली आहे, विमानतळावर माणसं मला धूसर दिसतात. निघण्याआधी ती फोनवर न चुकता सांगते, "दादा, मी पिवळंच घालतेय हं."