भन्तेंचा व्हिसा आणि समृद्धीवरचे सातशे किलोमीटर

आमच्या विहारातले भन्ते अमेरिकेला जाऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्यांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला न्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. गाडी आमची, चालवणारा माझा नवरा प्रकाश, डबे माझ्या हातचे. आता कुरकुर करायची तर कोणाजवळ?

नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडे आमचा छोटासा विहार आहे. दर रविवारी वंदना, मग मुलांचा वर्ग, शिवाय वस्तीतली लग्नं, नामकरणं, मयती, सगळं भन्ते बघतात. अमेरिकेतल्या काही मराठी कुटुंबांनी तिकडे विहार बांधला, पण त्यांना भिक्खू मिळेना. धर्मसेवकांचा व्हिसा असतो, त्याचा अर्ज त्यांनी तिकडून मंजूर करून घेतला. राहिली मुलाखत, आणि ती एकदा फिसकटली होती. 'मुदत संपल्यावर परत याल ना?' असं वकिलातीतल्या साहेबाने विचारलं, तर आमचे भन्ते म्हणाले, "उद्याचं कोणाले माहीत?" व्हिसा नामंजूर. ही दुसरी खेप. याही वेळी जमलं नाही तर तिकडचे लोक दुसरा भिक्खू शोधणार होते.

उजाडता उजाडता निघालो. मिहानच्या बाजूने समृद्धी महामार्गाला लागलो की रस्ता सरळ आणि सुसाट. जाणाऱ्यांनी टायर आणि हवा आधी तपासून घ्या, काँक्रीट फार तापतं. टोल एका बाजूचा दीड हजाराच्या आसपास. खाण्याची सोय अजून बेताचीच आहे, आणि आमच्यासाठी तोच मोठा प्रश्न होता. भिक्खू दुपारी बाराच्या आत जेवतात, नंतर थेट दुसऱ्या दिवशी. त्यातही कोणी हातात दिलेलंच घ्यायचं, स्वतः उचलून नाही. पैशाला तर ते हातच लावत नाहीत. म्हणून सोबत माणूस लागतं.

प्रकाशची शिकवणी वर्धा मागे पडायच्या आतच सुरू झाली.

"भन्तेजी, साहेबानं विचारलं ना, तर फक्त हो म्हणा. एक शब्द."

"जे मले माहीत नाही, त्याले हो कसं म्हणू?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी शील घेतलं नाही ना, प्रकाशभाऊ."

खोटं न बोलण्याचं शील आम्हीही दर रविवारी घेतो. प्रकाश आरशात माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. मला काय, भन्ते असेच अडून राहिले तर आमचा विहार वाचत होता.

जालन्याच्या अलीकडे एका पेट्रोलपंपाच्या सावलीत सतरंजी टाकली. पोळ्या, भरली वांगी, वरण-भात. प्रकाशने दोन्ही हातांनी डबा भन्तेंच्या हातात दिला. ट्रकवाले थांबून बघत होते. त्यातल्या एकाने न बोलता चार केळी आणून दिली, तीही भन्तेंनी घेतली. नंतर आम्ही दोघं जेवलो. वांग्यात मीठ कमी पडलं होतं, ते कोणी बोललं नाही.

मुंबईत भन्ते एका उपनगरातल्या विहारात उतरले, आम्ही जवळच्या लॉजवर. लॉज महाग आणि कोंदट, नाव सांगत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो आदल्या दिवशी वेगळ्या केंद्रात होतात, त्यामुळे दोन दिवस हाताशी ठेवा. वकिलातीत फोन, पिशवी काही नेता येत नाही. ते सांभाळायला मी फुटपाथवर उभी, भलामोठा डबा काखेत धरून.

भन्ते बाहेर आले तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हणजे जेवण उद्या.

"पासपोर्ट ठेवून घेतला त्याईनं," ते म्हणाले.

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला. प्रकाशने हात जोडले. मीही 'साधु, साधु' म्हटलं, पण डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं नव्हतं. डबा आम्ही दोघांनी तिथेच उभ्या उभ्या संपवला.

परतीच्या वाटेवर, इगतपुरीचा लांबलचक बोगदा संपला आणि प्रकाशने विचारलंच. "मग हो म्हटलं का?"

"म्हटलं. लाइनीत उभ्या उभ्या मी ठरवलं, वापस यायचं. ठरवलं तं माहीतच झालं." मग ते मागे न वळता मला म्हणाले, "ताई, साहेबानं अजून एक विचारलं. तुम्ही अमेरिकेत गेल्यावर नागपूरचा विहार कोण पाहीन? मी तुमचं नाव सांगितलं."

"माझं काहून? मले विचारलं बी नाही तुम्ही."

"तुमची वंदना तोंडपाठ आहे. पोरं तुमचं ऐकतात. मले जे दिसते ते सांगितलं." मग ते शांतपणे म्हणाले, "तुमचा नकार असंन तर सांगा. मी त्याईले कळवतो, मी चुकीचं बोललो म्हणून."

आणि ते खरंच कळवतील, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. व्हिसा गेला तरी कळवतील. इतके दिवस मला जे हवं होतं ते आता माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि मला तो शब्द उच्चारता येईना. राग आला, खूप आला. संभाजीनगर गेलं, जालना गेलं. पंपावर चहा घेताना मी म्हटलं, "कळवू नका." भन्ते फक्त "बरं" म्हणाले.

आता ते तिकडे आहेत. फोनवर सांगतात, थंडी फार आहे, पोरांना मराठी कमी येतं. इथला पहिला रविवार मी घामाघूम होऊन काढला. घाईघाईने पंचशील म्हणत सुटले, तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्या शेवंताबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"सावकाश म्हण वं माय," त्या म्हणाल्या. "भन्ते बी नवीन होते तवा असेच पळत होते. त्याईले बी आम्हीच थांबवलं."