उडदावरच्या दोन गाड्या

आमच्या पाड्याचा रस्ता रिसॉर्टसाठी झाला. अर्ज आम्ही केले, तहसीलसमोर उन्हात आम्ही बसलो, पत्रकं मी लिहिली. पण डांबर पडलं ते रिसॉर्टच्या फाटकापर्यंत. पाडा फाटकाच्या अलीकडे आहे म्हणून आम्हालाही मिळालं, एवढंच. किन्हवलीकडून सरळगावला जाताना तो फाटा लागतो. मुख्य रस्त्याची चाळण झाली तरी फाटा अजून गुळगुळीत आहे. पाहुणे तिकडे येतात ना.

त्याच सुमारास पाड्यातली खळी गेली. मळणीची जागा सपाट लागते, बंगल्याच्या प्लॉटलाही सपाटच लागते. कुंपणं पडली. मग बायका उडीद रस्त्यावर टाकायला लागल्या. उपटून वाळवलेला, शेंगांसकट, बिछान्यासारखा पसरलेला. वरून दुधाची पिकअप, टँकर, विटांचा टेम्पो गेला की शेंगा फुटतात, दाणा खाली सुटतो. काड झटकून बाजूला करायचं, खालचं सुपात घेऊन पाखडायचं. त्यावर मी पत्रक काढलं होतं : ‘आमची खळी तुमच्या कुंपणात, म्हणून आमचं धान्य तुमच्या रस्त्यावर!’ ते वाक्य मला आजही चूक वाटत नाही.

बायकांनी आपला एक नियम केला होता. उंच गाडी उडदावरून, चपटी गाडी बाजूने. काकी काठी घेऊन कडेला बसायची आणि चपटी गाडी दिसली की काठीने मातीची वाट दाखवायची. का, ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा मोठ्या प्रश्नांवर काम करत होतो.

काकी म्हणजे आमच्या शेजारची, नात्याने चुलती. नवरा गेला, मुलगा वाशिंदला कारखान्यात, तिकडेच खोली घेऊन राहतो. भातशेती दिरांकडे. तिच्या वाट्याला डोंगराच्या उताराचा एक तुकडा, त्यात नाचणी नाहीतर उडीद. तो उडीद बारीक, काळाकुट्ट, वर राखेचा हात फिरवल्यासारखा. बी तिने माहेराहून, मुरबाडच्या बाजूने, लग्नात आणलेलं. दर वर्षी निवडून, राख लावून मडक्यात ठेवायची. पाड्यातल्या बाकीच्यांनी दुकानाचं बी धरलं, मग उडीदच सोडला, कारण बंगल्यांवर झाडलोटीला जाणं सोपं. काकीकडे राहिलं. त्या वर्षी मडकं रिकामं होतं. उशिरा पाऊस पडला तेव्हा दुबार पेरणीत होतं नव्हतं ते बी तिने टाकलं होतं. म्हणजे रस्त्यावर पसरलेलं तेवढंच. त्यातूनच खायचं, त्यातूनच बी काढायचं. हे मला माहीत होतं. तिने मला सांगितलं होतं.

दिवाळी उलटून गेली होती. भर दुपारी दोन गाड्या फाट्याला वळल्या. एक काळी, जर्मन, आरशासारखी. दुसरी करड्या रंगाची, लांब डिकीची, अमेरिकन. तिची कंपनी इथला धंदा गुंडाळून गेलेली. काळीतून एक जाडा माणूस उतरला, करडीतून एक बारीक. दोघे मित्र. जुन्या बाजारात साधारण सारख्या किमतीला मिळणाऱ्या या दोन गाड्यांत घ्यावी कुठली, याचा व्हिडिओ करायला आले होते. सरळ, मोकळा, गुळगुळीत रस्ता पाहिजे होता. आमच्या तालुक्यात त्यांना तो सापडला, हे मला आधी हसू आणणारं वाटलं, मग संताप आला.

“दार लावून बघ,” जाडा म्हणत होता. “आवाज ऐक. तिजोरी आहे तिजोरी.”

“तिजोरीत बसून प्रवास करतो का कोण? माझा सोफा आहे.”

“सोफ्याचे पार्ट मिळतात का?”

“कंपनी पळाली, पण गाडीपण पळतेय ना!”

बायका बघत होत्या. एकीने विचारलं, “एवढी लांब डिकी, आत म्हस ठेवता काय हो?” बारीक माणूस मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. नंतर काढलेल्या पत्रकात मी तसं लिहिलं नाही.

जाडा माझ्याकडे आला. माझ्या टी-शर्टवर घोषणा होती म्हणून असेल. म्हणाला, “भाऊ, तासभर हे गवत बाजूला कराल का?”

गवत!

मी म्हणालो, “हे अन्न आहे. हलणार नाही. व्हिडिओ करायचा तर वरून न्या गाड्या.”

काकी उठली. “नको रे पोरा. चपट्या हायत त्या. बुड घासतं, बुड तापतं. आमी सारतो ना बाजूला, किती येल लागतो?”

“काकी, आपण नाही हलायचं. आज हललो की रोज हलवतील.”

“अरे माजा उडीद हाय तो.”

“म्हणूनच.”

ती काठी घेऊन परत कडेला बसली. मी पाच जणांसमोर बोललेलं तिने मोडलं नाही. तिला वाटलं असेल, पोरगा शिकलेला, मोर्चे काढतो, याला काही माहीत असेल.

आधी काळी गेली, मग करडी. बायकांनी लगेच काड उचलून पाहिलं. दुपारभरात मी ऐकलेली खरी तुलना तीच. काळीखालचे दाणे एका बाईने तळहातावर घेऊन दाखवले. दुभंगलेले. “हिचा पाय लय कडक. डाळ करते गो.” करडीखालचे अख्खे. “हिचा पाय हलका. दाना सुटतो, फुटत नाय.” पुन्हा दोन्ही नेल्या, पुन्हा तेच. दार, सोफा, पार्ट यावर दोघांचं काही ठरत नव्हतं. बायकांचं ठरलं होतं. काकीसुद्धा थोडी सैलावली. हसून बोटाने करडीला बोलावलं, “ये गो, तूच ये परत.”

करडी आली. चार वेळा, पाच वेळा. गाडी जुनी, मागून बसलेली. पोटाखाली काड अडकून खराट्यासारखं बाहेर डोकावत होतं. मी ते पाहिलं. मला त्यात फोटो दिसला. परदेशी गाडी, खाली आमचा उडीद, पुढे सूप घेऊन उभी काकी. पुढच्या पत्रकाचं पहिलं पान. मी हात वर केला आणि ओरडलो, “इथंच थांबा! बरोबर मधे!”

बारीक माणूस थांबला. इंजिन चालूच. मी काकीला म्हणालो, जरा डावीकडे सरक. सूप वर धर. हसू नको. तिने हसणं बंद केलं. एक फोटो काढला, तो हलला. दुसरा काढला. तिसऱ्यात गाडीखालून धूर दिसतो. फोन अजून तोच आहे, फोटो अजून त्यात आहे.

बारीक घाबरला आणि त्याने गाडी मागे घेतली. पोटाखालचं पेटलेलं काड पसरलेल्या उडदावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत गेलं. वारा होता. वाळलेलं काड, त्याला वेळ कितीसा लागणार? बायकांनी निरगुडीचे फाटे तोडून झोडलं, कोणी हंडा आणून ओतला. जाड्याने डिकीतून आग विझवायचा लाल डबा काढला आणि तो गाडीवर मारला. गाडी वाचली. खाली उडीद जळत होता, त्यावर मारायला डब्यात काही उरलं नाही.

मी काय केलं? मी “पाणी, पाणी” असं ओरडत होतो. घोषणा दिल्यासारखं.

सगळं शांत झालं तेव्हा भाजलेल्या उडदाचा वास सुटला होता. डाळीचं घुटं करायच्या आधी तव्यावर सुटतो तसाच, चांगला वास. दोघे म्हणत होते सांगा काय ते, भरून देतो. काकीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खाली बसून तिने काळे दाणे ओंजळीत घेतले, एक दाताखाली धरला, कटकन मोडला.

“खायला व्हईल,” ती म्हणाली. “पेरायला नाय.”

दुसऱ्या दिवशी मी किन्हवलीला जाऊन पत्रक छापून आणलं. ‘धनदांडग्यांच्या गाड्यांखाली गरिबाचं बियाणं!’ धार होती त्याला. पाड्यात वाटलं, शहापूरच्या स्टँडवर वाटलं, आसनगावला स्टेशनच्या जिन्याखाली उभा राहून वाटलं. काकीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“समदं लिवलंस. थांबा कोन म्हनलं, ते कुठंय?”

मी म्हणालो, “काकी, पत्रकात जागा कमी असते.”

 ती तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

त्या दोघांचा व्हिडिओ नंतर आला. आरामात अमेरिकन, चालवायला जर्मन, आणि पार्टच्या भानगडीमुळे शेवटी जर्मनच घ्या, असा निकाल. आमची आग त्यात काही सेकंद आहे, वर हसऱ्या संगीताची पट्टी. शिव्या द्याव्यात तेवढ्या थोड्या. पण त्या काही सेकंदांत, एका कोपऱ्यात, हात वर केलेला मी दिसतो. त्यांच्या व्हिडिओत मी आहे. माझ्या पत्रकात नव्हतो.

पेरणीच्या आधी काकी बी शोधायला माहेरी निघाली. मडकं बरोबर घेतलं होतं, फडक्यात बांधून. मी म्हणालो, मी येतो. चल म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. सरळगावला उतरून पुढे आम्ही पाडे धरले. घराघरात तेच. कोणी उडीदच टाकत नाही आता. कोणाकडे दुकानाचा, टपोरा, चकचकीत. एका म्हातारीने डबा उघडून दाखवला, आत रेशनचा तांदूळ. प्रत्येक घरी विचारायचे, “तुजं कसं गेलं गो?” काकी म्हणायची, “जळालं.” एवढंच. माझ्याकडे बघायची पण नाही. मी बाजूला उभा. पाण्याचा तांब्या मलाही मिळायचा.

शेवटचं घर तिच्या चुलत बहिणीचं. तिनेही विचारलं. काकीने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “माझ्यामुळे. काकी नको म्हणत होती. मी गाडी वरून न्यायला लावली, आणि मीच थांबवली, फोटोसाठी.”

बहीण माझ्याकडे बघत राहिली. मग काकीकडे वळली. “आनि तू याला घेऊन फिरतेस?”

“आला,” काकी म्हणाली. “काय करू?”

तिथेही बी नव्हतं. माझ्या बोलण्याने कोणाच्या डब्यात ते आलं नसतंच.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. काकीने फडक्यातलं रिकामं मडकं उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. रस्ता तोच, खड्ड्यांचा. आमचा फाटा येईपर्यंत मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.