कापूस पाहणाऱ्याचा चष्मा

कापसाचा पांढरा रंग उन्हात डोळ्यांना बाधतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर अकोल्याची ती नोकरी मी धरली असती का? धरलीच असती. सहावीतून शाळा सुटलेली, घर रत्नागिरीकडे समुद्रकाठी, इथे ओळखीचं कुत्रंही नाही. सरकी काढायच्या जिनातल्या थोरल्या पारख्यांनी मला हाताशी घेतलं, राहायला खोली पाहून दिली, मुठीतला कापूस ओढून धागा कसा बघायचा ते शिकवलं. सगळे त्यांना दादाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्यासमोर डोळे दुखतात म्हणायचं म्हणजे खाल्ल्या अन्नाला नावं ठेवण्यासारखं.

काम आवारात, उघड्यावर. बैलगाड्यांच्या रांगा लागत. प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढायचा, रंग पाहायचा आणि चांगला की कवडी, म्हणजे पिवळट डागी, ते ओरडून सांगायचं. फाल्गुन-चैत्रात वरून ऊन, समोर कापसाच्या गंज्या, बाजूला टिनाची छपरं. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होई. मग डाव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, लालसर मांसाचा एक पापुद्रा दिसू लागला. तो बुबुळाकडे किती सरकला ते मी रोज सकाळी आरशात बघायचो. डोळा गेला तर पारखी कसला?

रस्त्यावर मिळाला तो हिरवा गॉगल घेतला. पहिल्याच दिवशी एक गाडीवाला मागे सरकला. "डोये आले काय बावा? मंग दुरूनच पाय माहा माल."

दुसरा म्हणाला, "आरे नाई, हिरो हाय तो. बंबईले जाऊन राहिला."

तेही सोसलं. पण त्या हिरव्या काचेतून पिवळट कापूसही साफ दिसला आणि दोन गाड्या कवडी माल मी चांगल्यात ढकलला. गंजीवर दादाजींनी ओळखलं. "हे कोनं पायलं?" मी पाहिलं, म्हणालो. "लक्ष कोठी असते तुहं?" एवढंच बोलून ते गेले. गॉगल तेव्हा माझ्या खिशात होता.

अकोल्यात डॉक्टरला दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत जिनात कळलं असतं. म्हणून सुटीच्या दिवशी अमरावती गाठली. डॉक्टरांनी डोळा पाहिला, मग तो गॉगल खिडकीशी धरला. "याने उलट वाईट होतं. नुसता अंधार पडतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि जाळणारं ऊन ही काच काही अडवत नाही. उघड्या डोळ्यांनी निदान तुम्ही डोळे बारीक तरी करता." काच चांगल्या जातीची हवी, राखाडी हवी, कडेनंही ऊन शिरणार नाही एवढी मोठी हवी, वर रुंद काठाची टोपी हवी. पापुद्रा जाणार नाही, पण थांबेल.

मला एकच पाहायचं होतं. कापसाचे दोन पुंजके मी खिशातून नेले होते, एक चांगला, एक कवडी. त्यांच्याकडची राखाडी काच डोळ्यांसमोर धरली. पिवळा तो पिवळाच दिसला. इतका हलका मी त्या गावात आल्यापासून झालो नव्हतो.

तसा चष्मा करून घेतला. दादाजींना तो माझ्या नाकावर अचानक दिसू नये, आपणच आधी सांगावं, म्हणून सकाळी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. वाटेत सगळं घोकलं होतं. ऐन वेळी शब्द फुटेना. चष्मा दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणालो, "अमरावतीहून आणला."

दादाजींनी तो घेतला, घातला, मूठभर कापूस काढून पाहिला. मग गंजीकडे पाहिलं, बराच वेळ. "माह्या डोयाची आग तुले कशी समजली रे पोट्ट्या? घरच्या पोट्ट्याइनं नाई पायलं आजवर."

मी मान हलवली.

पुढचा पंधरवडा मी उन्हात डोळे बारीक करून गाड्या पाहिल्या आणि ते माझा चष्मा घालून सावलीतसुद्धा बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "आमच्या कोकन्यानं आणला." रोज ठरवायचो, आज मागायचा. रोज तोंड मिटून परत यायचो. राग माझा मलाच येई, असं म्हणतो खरा. पण खरं सांगायचं तर त्यांचाही यायचा, आणि तो आला की दिवसभर शरम वाटायची. ज्यांनी उभं केलं त्यांच्या नाकावरून चष्मा कसा ओढायचा?

शेवटी पुन्हा अमरावती. "पहिला फोडलात?" डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी डोळ्यात उजेड टाकला आणि पाहिलं. "सरकलंय थोडं. हा तरी जपा."

जपला. पापुद्रा तेव्हा जिथवर आला होता तिथेच थांबला, आजही तिथेच आहे. राखाडी काचेतून रंग खरा दिसे, तरी एकदा चुकल्याच्या धास्तीनं कापूस बघताना चष्मा क्षणभर वर करायचा, बघितला की खाली, अशी हाताला सवय लागली.

दुसऱ्या चष्म्याच्या पहिल्या दिवशी दादाजींनी मला खालून वर न्याहाळलं. "तूनंबी घेतला काय माह्यासारखा?"

"तुमचं पाहूनच घेतला," मी म्हणालो.