सातवी भेग

कुणाकडे शेळ्या असतात, कुणाकडे कोंबड्या. त्या वर्षी माझ्याकडे चौदा भेगा होत्या.

वाशीमच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रकल्पासाठी वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावजवळचं आमचंच वावर निवडलं होतं. सोयाबीन निघालं की आमची काळी माती फाटायला लागते, ती पार उन्हाळ्यापर्यंत फाटतच राहते. त्यातल्या चौदा भेगांपाशी मी तुरीची एकेक वाळकी काडी, तुराटी, रोवली, तिला लाल चिंधी बांधली आणि नंबर दिले. दर रविवारी घरी यायचं, पट्टीनं रुंदी मोजायची, सायकलची तार आत सोडून खोली मोजायची. शेजारच्या वावरातले लोक विचारायचे, काय हरवलं?

मला त्याचं वेडच लागलं होतं. प्रकल्पाच्या मॅडम म्हणायच्या, एका भेगेवर तीन विभाग हक्क सांगू शकतात. पाणी आत कुठवर मुरतं, हे पर्यावरणवाल्यांनी बघावं. आत कोण राहतं, हे जीवशास्त्रवाल्यांनी. आणि माती इथंच का फाटली, हातभर पलीकडे का नाही, हे भौतिकशास्त्रवाल्यांनी. मला तिन्ही हवं होतं. पालथी पडून मोबाईलच्या उजेडात मी आत डोकावायचे. कोळी दिसायचे, रातकिडे दिसायचे, मुंग्यांची वर्दळ असायची. सातव्या भेगेत एकदा दोन डोळे चमकले आणि मी तार तिथंच टाकून पळाले. नाग असेल, असं मीच ठरवून टाकलं. नंतर सातवी मोजायची ती लांब उभी राहून, मान तिरपी करून. माझी जिज्ञासा तेवढ्यापुरतीच होती.

मार्च संपता संपता मॅडमनी वावर बघायला यायचं ठरलं. त्यांनी आधीच बजावलं होतं की मोजमाप मध्येच मोडलं तर प्रकल्प पुढच्या वर्षी पहिल्यापासून करावा लागेल. म्हणजे माझं अख्खं वर्ष त्या चौदा भेगांत होतं.

आम्ही दोघी एसटीनं मालेगावला आणि तिथून ऑटोनं गावात आलो. मॅडम घरी पाणी प्यायला थांबल्या. मला कुठला धीर, मी पुढं पळत वावरात गेले. तुराट्या जागच्या जागी होत्या, चिंध्या फडफडत होत्या. समोरच्या तुराट्यांपाशी भेगा नव्हत्या. त्यांच्या जागी ओल्या मातीचे लांबट पट्टे होते आणि त्यांवर सारवताना उमटतात तशा बोटांच्या कमानी होत्या.

आजूबाजूला शेकडो भेगा उघड्या पडल्या होत्या. तुराट्या उपटून त्यांच्याजवळ रोवल्या तर मॅडमना कळणारही नाही, हे माझ्या डोक्यात आलं. नुसतं आलं नाही, दोन तुराट्या मी उपटल्यासुद्धा. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"काहून उपटून राह्यली? त्या पाहून तं म्या बुजवल्या."

"तुले कोनी सांगितलं होतं बुजवाले?" मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर इतकी कधी ओरडले नव्हते.

"पाव्हणे येऊन राह्यले म्हनून. आंगन सारवलं, मंग वावर तसंच ठेवाव का? सगळं तं होत नव्हतं. तू खुना केल्या तेवढ्या तरी बुजवल्या." विहिरीवरून घागरी आणून दोन दिवस ती हे करत होती. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे होते.

मी तुराट्या परत होत्या तिथं रोवल्या. आईसमोर ती लबाडी करायची तर तिला समजावून सांगावी लागली असती, आणि ते माझ्यानं झालं नसतं. मॅडम येईपर्यंत मी रडत उभी होते.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि बांधावर बसून माझी वही मागितली. मग आईला विचारलं, "ताई, कशानं भरल्या?"

"काळी माती, शेण अन् कुटार. भिंतीले लावतो तसंच." सोयाबीनच्या भुशाला आम्ही कुटार म्हणतो. "आठ झाल्या अन् कुटार सरलं. मंग पाचात नुसती माती घातली."

"आणि ही? ही राहिली का?" मॅडम सातव्या भेगेपाशी गेल्या होत्या. ती उघडी होती.

"राह्यली नाही, ठेवली. तिच्यात बेडूक हाये. त्याच्या घरावर कायले माती टाकू?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "प्रयोगात तुलनेला एक तरी हात न लावलेली लागते. ती आहे तुझ्याकडे. आता भरलेल्यांतल्या कुठल्या पुन्हा फाटतात ते मोजत राहा, वर्ष वाया जाणार नाही. मात्र खरं लिही. कुणी भरल्या, कशानं भरल्या, सगळं."

मी मोजत राहिले. महिन्याभरात नुसत्या मातीच्या पाचही भेगा पुन्हा उघडल्या, आणि अगदी जुन्याच जागी. कुटाराच्या आठ तशाच मिटून राहिल्या, फक्त कडेनं केसाएवढी रेघ आली. कुटाराच्या काड्या दोन्हीकडची माती धरून ठेवत असाव्यात. एका वावरातल्या चौदा भेगांवरून जगाला काही सांगायचं नसतं, पण मला झोपेतही त्या काड्या दिसायच्या. एका रविवारी धीर करून सातव्या भेगेवर पालथी पडले. आत मातीच्याच रंगाचा लठ्ठ बेडूक बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.

अहवाल छापायला द्यायच्या आदल्या दिवशी मी तो आईला वाचून दाखवला. ती डाळ निवडत ऐकत होती.

"मायी चूक लिवली का त्याच्यात?"

"लिवली."

"लिवाच लागते." दोन खडे तिनं बाजूला टाकले. "बेडकाचं लिवलं?"

मी पान उलटलं. तक्त्यात होतं, क्रमांक सात, न भरलेली भेग. पुढचा रकाना कारणाचा होता आणि तो मी कोरा सोडला होता. तिची चूक मी तीन ओळींत लिहिली होती. मला फार लाज वाटली. वावरात तिच्यावर ओरडले त्याची माफीही मी तोवर मागितली नव्हती.

तिच्यासमोरच पेन काढलं आणि रकान्यात लिहिलं : आत बेडूक राहतो, म्हणून आईने भरली नाही.