सरकती गाठ

साल दोन हजार पंचवीस. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि माझी मुलगी शोभना माझ्याआधी गेली. दाभोळच्या आमच्या घरात, खाडीकडच्या खोलीत. हाडांच्या आजाराने शेवटी तिला कूसही बदलता येत नव्हती. मी चौथी शिकलेला, जन्मभर जाळी विणली. लिहिणं वेडंवाकडं होईल. पण तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती अणू पकडायची. समोरासमोरून लेझरचे किरण सोडून उजेडाचंच जाळं करायचं, आणि त्याच्या घराघरात अणू बसवायचे. मी म्हटलं, “उजेडात म्हावरं कधी अडकलंय, गो?” तर म्हणे आधी अणू गार करतात, बर्फ काहीच नाही इतके गार, मग त्यांची पळापळ थांबते. बर्फातली मासळी मीही बघितलीय, असं मी ऐकवलं. “तसंच, बाबा. फक्त यात कुणी मरत नाही,” ती हसली. धातूच्या पोटात बारीक कणांची गर्दी कशी वागते ते दिसत नाही, मोठ्या संगणकालाही ते गणित झेपत नाही. म्हणून तसाच खेळ अणूंचा मांडून बघायचा... एवढं मला कळलं.

खाटेवरून तिने हट्ट धरला. पुण्याच्या माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला एक जाळं विणून द्या, पण गाठी सरकत्या हव्यात, घरं लहानमोठी करता आली पाहिजेत. सरकती गाठ! आमच्यात तशी मारणाऱ्याला होडीवर घेत नाहीत. मी नाही म्हटलं. मग तिने समजावलं, की किरणांचा जोर असला की प्रत्येक अणू आपल्या घरात कोंडलेला. जोर कमी केला की तोच सगळ्या घरांत थोडा थोडा असतो, नेमका कुठे ते सांगता येत नाही.

“मला ते दुसरं दाखवायचंय, बाबा. पहिलं मी रोज बघतेच आहे.”

मी विणायला घेतलं, पण गाठी पक्क्याच पडत गेल्या. हाताला दुसरं येतच नाही. जाळं अर्धं असताना ती गेली.

सुतकात आम्ही जाळ्याला गाठ मारत नाही. सुतक फिटलं तरी मी सुई उचलली नाही. जाळं खिडकीच्या खुंटीला, मी खाली तिच्या रिकाम्या खाटेवर. ओटीवरसुद्धा गेलो नाही. पुण्याहून तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचा फोन आला, ताईंनी सांगितलेलं जाळं अर्धं असलं तरी द्या म्हणाली. “झालं नाही,” एवढंच म्हणून मी फोन ठेवला. ते गेलं की तिने मागितलेलं असं या घरात काय राहणार होतं?

शोभनाची आई दारात उभी होती. म्हणाली, “तिला कोंडून ठेवलंत की स्वतःला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळं खुंटीवरून काढलं, सुरीने माझ्या पक्क्या गाठी कापल्या, सुईत नवा दोरा भरला आणि ओटीवर बसून पहिली सरकती गाठ मारली.