ताईच्या दुकानातला प्रिंटर

त्याला सगळे गुरुजी म्हणत. शिकवलं त्याने कधी कुणाला नाही, पण नाकाने कांदे सोलायची सवय भारी, म्हणून हे नाव.

भावजी अंथरुणाला खिळले आणि झेरॉक्सचं दुकान त्याच्या ताईच्या अंगावर पडलं, तेव्हा हा पठ्ठ्या पुढे सरसावला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स चढवलं. "फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही," असा टेंभा मिरवला. केबल लावून बराच वेळ डोकं खाजवल्यावर प्रिंटरमधून पान बाहेर आलं. मग कॉम्प्युटरवर ताईला तिच्या नावाचं वेगळं खातं काढून दिलं आणि स्वारी निघून गेली.

झालं! ताई बसली की प्रिंटर ढिम्म. गुरुजी येऊन स्वतःच्या खात्यातून छापायचा, तर सुरळीत.

"मी बसलो की चालतो, तू बसलीस की बंद. मग चूक कुणाची?" हे गिऱ्हाइकांसमोर!

"इंग्रजीत काहीतरी येतं रे, आणि जातं," ताई बिचारी म्हणायची.

"ते वाचत बसू नकोस. तू घाईघाईत भलतंच दाबतेस. लहानपणापासून धांदरटच!"

शेवटी ताईचाच फोन आला. "दुकान दीरांना देऊन टाकते. माझ्याच्याने नाही होत."

गुरुजी धावत आला. ताई मागच्या खोलीत भावजींना औषध देत होती, म्हणून तो पहिल्यांदाच तिच्या खात्यात बसला आणि छापायला गेला. प्रिंटर ढिम्म! पडद्यावरची ओळ त्याने वाचली: या नावाला छापायची परवानगी नाही. जोडताना चाचणीपुरता त्याने प्रिंटर फक्त स्वतःच्या नावाला मोकळा ठेवला होता. ताईचं नाव घालायचं राहूनच गेलं होतं. एका ओळीचं तर काम! ते त्याने मुकाट्याने उरकलं.

ताई आली, भीत भीत बटण दाबलं. पान आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं.

"जमलं की हो ताई!" दारातलं गिऱ्हाईक म्हणालं.

"भाऊ ओरडला म्हणून शिकले. नाहीतर माझ्यासारखीला कुठलं जमायला!" आणि आत वळून, "अहो, दुकान नको हो द्यायला!"

गुरुजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, अगं..." त्याने सुरुवात केली.

ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "फार त्रास दिला रे तुला. रागावू नकोस हं माझ्यावर."

आणि काय सांगावं, खाली मान घालून तो म्हणाला, "असू दे."