ठिपक्याला धाप लागत नाही

सकाळी कॉलेजच्या आधी मी लालबागहून शिवाजी पार्कला धावायला जातो. तिथे कट्ट्यावर एक काकू बसलेल्या असतात आणि त्यांचे यजमान मैदानाभोवती अगदी हळू धावतात. त्यांची नावं विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.

एकदा काकांनीच मला थांबवलं. "बाळा, धावण्याचं ॲप कुठलं घेऊ रे?"

मी वेग, कॅलरी, पदकं असं सांगत सुटलो.

"ते राहू दे. मी कुठे पोचलो ते हिला दिसेल असं सांग. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनपासून ही म्हणते, मैदानाच्या पलीकडे गेलात की दिसत नाही, तर धावणं बंद. डॉक्टर हो म्हणालेत."

"डॉक्टर म्हणालेत, मी नाही," काकू म्हणाल्या.

मी त्यातल्या त्यात सोपं ॲप निवडून काकूंच्या फोनवर नकाशा उघडून दिला. "हा निळा ठिपका म्हणजे काका."

"एवढेसे?" त्या म्हणाल्या. काका हसत पळाले.

मी फेरी मारून आलो, तेव्हा फोन त्यांच्या मांडीवर उलटा पडला होता.

"काकू, ठिपका बघत नाही?"

"बघितला. पण ठिपक्याला धाप लागलेली कळते का रे?"

आता काका पलीकडे वळले की काकू त्यांना फोन लावतात. काका कानात इअरफोन घालून धावतात. काकू काहीच बोलत नाहीत. डोळे मिटून नुसत्या ऐकत बसतात.